आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. बी. ए.लाही मराठीच घेतलं होतं. तरी आज बोलणार आहे ते कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कबद्दल. कारण त्या डिस्कमध्ये माझ्या अम्मीचा आवाज होता.

अम्मी जात्यावर बसली की मराठी ओव्या म्हणायची. पुढे घरातलं जातं गेलं, ओव्या तिच्या तोंडात राहिल्या. तिच्या शेवटच्या वर्षांत मी त्या रेकॉर्ड केल्या आणि २००८ साली घेतलेल्या कॉम्प्युटरवर ठेवल्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गेल्या पावसाळ्यात ती डिस्क टकटक वाजू लागली. दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "चाचा, नवी डिस्क सहा गिगाबिटची, तुमचा मदरबोर्ड तीनचा. जमणार नाही. सगळंच बदला." खर्चाचा आकडा ऐकून हात हलवत परतलो. चार दिवस कॉम्प्युटर सुरूच केला नाही.

मग भाचा आला. म्हणाला, "मामू, बंद ठेवलात ते बरं केलंत. पण हे तीन आणि सहा म्हणजे रस्त्याची रुंदी. गाडीचा वेग नव्हे."

डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या व्यवस्थेला 'साटा' म्हणतात. तिच्या तीन पिढ्या: सेकंदाला दीड, तीन आणि सहा गिगाबिट. यात एक बाइट पाठवायला दहा बिट लागतात. म्हणजे हिशेब येतो १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइटचा. आता तबकडीची डिस्क पाहा. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि सलग वाचतानाही साधारण १०० ते २५० मेगाबाइट देते. माहिती विखुरलेली असेल तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे तीनशेचा रस्ताही तिला पुरून उरतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिवाय नवी डिस्क जुन्या बोर्डाला जोडली की दोघं मिळून दोघांना झेपेल तो वेग धरतात. पहिल्या पिढीच्या काही बोर्डांना हे साधत नसे. त्यासाठी काही डिस्कवर जम्पर लावून वेग उतरवायची सोय असे.

एसएसडीची गोष्ट वेगळी. तिच्यात फिरणारं काही नसतं. साटाची चांगली एसएसडी साडेपाचशे मेगाबाइटपर्यंत जाते. तीनच्या बोर्डावर तिचा हा वेग निम्म्यावर येतो. पण तिथेही ती तबकडीपेक्षा चपळच.

नवी साधी डिस्क आणली, जोडली. चालली. प्रत करायला मात्र अख्खी रात्र गेली. रस्ता मोकळा होता, पण जुनी डिस्क एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाचत होती. फजरच्या अजानला काम संपलं. दोन ओव्या उघडल्याच नाहीत. त्या गेल्या. बाकीच्यांतली पहिली लावली, आणि भाचा उठून बाहेर गेला. त्यालाही नानीचा आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकू आला होता.

आता तीन ठिकाणी प्रती आहेत. तुमच्याही घरात असा कुणाचा आवाज असेल. डिस्कचा वेग सावकाश विचारा. प्रत आजच करा.