रात्री दोन वाजता कुणाला विचाराल?

परिचर्येची पदवी घेऊन आज बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन, आणि तुमच्या आईवडिलांचं त्याहून जास्त. चार वर्षांची फी आणि हॉस्टेलचा खर्च कसा उभा केला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. कौतुकाचं बाकी सगळं प्राचार्यबाई बोलल्याच आहेत. मी सरळ वॉर्डात शिरते. माझं आयुष्य तिथे गेलं, आणि थोड्याच दिवसांत तुम्हीही तिथेच असाल.

माझी पहिली नेमणूक एका जिल्हा रुग्णालयातल्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात झाली. पन्नासेक खाटा, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या, आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. आमच्या इन्चार्ज सिस्टर फार कडक होत्या. पाळी बदलताना नुसत्या वहीवरून दिलेला ओव्हर त्यांना चालायचा नाही, प्रत्येक खाटेपाशी उभं करायच्या. ‘सलाईन किती गेलं? लघवी किती झाली? अंदाजे सांगू नकोस, मोजलीस का?’ चादरीचा कोपरा नीट खोचलेला नसला तर अख्खी खाट पुन्हा करायला लावायच्या. तेव्हा काचेचे थर्मामीटर असत. एखादा फुटला की अर्ज, तीन सह्या आणि पगारातून कपात. वॉर्डात माणसं कमी आहेत म्हणून आम्ही पाठवलेल्या अर्जांना मात्र कधी उत्तर आलं नाही. नर्सकडून थर्मामीटरचे पैसे वसूल करणाऱ्या व्यवस्थेला तिच्यावर किती खाटांचा भार आहे हे मोजावंसं वाटलं नाही, याचा राग मला आजही आहे.

असो. त्या इन्चार्ज सिस्टरांकडे रात्री दोनला वॉर्डबॉय मामांना क्वार्टरवर पाठवलं तरी त्या शाल गुंडाळून यायच्या. ‘एवढंही येत नाही का?’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. ‘बोलावलंस ते बरं केलंस, दाखव,’ म्हणायच्या. सकाळी चादरीवरून पुन्हा बोलणी होतीच. त्यांच्यामुळे मी घरी जाऊन रडलेही आहे, पण त्यांना काही विचारायची भीती मला कधी वाटली नाही.

पुढे एका मोठ्या रुग्णालयात दुसऱ्या इन्चार्ज भेटल्या. हुशार होत्या. हात इतका हलका की लहान मुलांना सलाईन लावायला दुसऱ्या वॉर्डातून त्यांना बोलावणं यायचं. पण नवीन मुलगी दिसली की म्हणायच्या, ‘बी.एस्सी. झालात ना? मग आम्हाला कशाला विचारता?’ तेही पेशंटच्या नातेवाइकांसमोर. यामागे आपल्या पेशातलं जुनं दुखणं आहे. डिप्लोमा करून वीस-वीस वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या बायकांना बढती मिळत नव्हती, आणि पदवीवाल्या मुली पुढे जाताना त्यांना दिसत होत्या. तो अन्याय खराच होता. पण त्याचा राग काल रुजू झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीवर निघत होता.

तिथल्याच एका संध्याकाळची गोष्ट. फोनवरून तोंडी ऑर्डर आली, ‘पोटॅशियम द्या.’ पोटॅशियम क्लोराइडचा आपल्याकडचा दहा मिलिलिटरचा अँप्यूल तुम्ही पाहिला आहे. तो सलाईनमध्ये मिसळून, सावकाश द्यायचा असतो. तसाच शिरेत ढकलला तर हृदय थांबू शकतं. नवीन मुलगी ते सिरिंजमध्ये भरून खाटेपाशी उभी होती. विचारावंसं तिला वाटत होतं, पण त्याच दिवशी दुपारी तिने दुसरं काहीतरी विचारलं होतं आणि सगळ्या वॉर्डासमोर ऐकून घेतलं होतं. मी रात्रपाळीचा ओव्हर घ्यायला जरा लवकर पोचले म्हणून तो पेशंट वाचला. मेमो त्या मुलीला मिळाला. तिने कुणाला विचारलं का नाही, हे चौकशीत कुणी तिला विचारलं नाही. तोंडी ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांनाही कुणी काही विचारलं नाही, इन्चार्जना तर नाहीच. वर्षभरात त्या मुलीने नोकरी सोडली.

म्हणून आज मला एकच सांगायचं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. सीनियरचा आवाज चढा आहे की मऊ, यावरून तिची पारख करू नका. रात्री दोन वाजता तिला विचारता येतं का, एवढंच बघा. येत असेल तर तिची बोलणी खा आणि तिच्याकडून मिळेल तेवढं शिकून घ्या. येत नसेल, तर त्या वॉर्डात पेशंट धोक्यात आहे. तुम्हाला किती वाईट वाटतं हा त्यानंतरचा प्रश्न.

वरिष्ठ ऐकत नाही तिथे काय होतं, ते वॉर्डाबाहेरही दिसतं. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशी अहवालात नोंद आहे की सहवैमानिकाने तीन वेळा सांगितलं, उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टन उतरतच राहिला. वैमानिकांच्या प्रशिक्षणात हाताखालच्याने कसं अडवायचं आणि वरिष्ठाने कसं ऐकायचं, हे शिकवलं जातं. आपल्या क्षेत्रात २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची तपासणी यादी आणली. त्यात चीर घेण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम सांगायचं असतं. सर्जनसमोर एकदा स्वतःचं नाव उच्चारलेली नर्स, वेळ आली तर ‘थांबा’ही म्हणू शकते. किती थिएटरांत ही ओळख खरोखर होते आणि किती ठिकाणी नुसती टिक मारली जाते, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

पालकांनो, एक गोष्ट तुम्हीही ऐका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तो शिक्षणसंस्थांसाठी आहे. म्हणजे ही मुलं विद्यार्थी होती तोवर त्यांना तो आधार होता, नोकरीत तो नाही. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे, मुलींनो, तिचा उपयोग बेधडक करा. पण रोजच्या रोज चारचौघांत केलेला पाणउतारा त्यात बसत नाही. त्यात कंत्राटी नर्सचा करार बऱ्याचदा अकरा महिन्यांचा. तक्रार केली तर नेमणुकीची पुढची ऑर्डर निघेल का, ही भीती वेगळीच.

मग करायचं काय? विचारताना पेशंटला पुढे ठेवून विचारा. ‘मला येत नाही’ म्हणू नका. ‘सात नंबरच्या काकांना हा डोस जास्त वाटतोय, बघता का?’ असं म्हणा. रागावलेली बाईसुद्धा पेशंटचा उल्लेख ऐकल्यावर चार्टकडे बघते. तोंडी ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखवा आणि वेळ घालून लिहा. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन, रक्त यांपैकी काहीही दुसऱ्या नर्सला दाखवल्याशिवाय देऊ नका, मग कुणी कितीही हसो. शंका असेल तर औषध थांबवा आणि इन्चार्जच्या वरच्यांना फोन करा. त्यासाठी मेमो मिळाला तर घ्या आणि उत्तरात खरं ते सगळं लिहा. पाणउतारा रोजचाच झाला तर तारीख, वेळ, शब्द घरच्या वहीत लिहून ठेवा. लेखी काही नसलेल्या तक्रारीची बोळवण कशी होते, ते मी मेट्रनच्या ऑफिसात बसून पाहिलं आहे.

पहिल्या रांगेत या शहरातल्या रुग्णालयांच्या मेट्रन बसल्या आहेत. बायांनो, आपण सगळ्या असल्याच वॉर्डांतून वर आलो. ‘आम्ही सोसलं, यांनीही सोसावं’ हे वाक्य मी आपल्या बैठकांमध्ये फार ऐकलं. ते आता बंद करू या. या मुली तुमच्याकडे रुजू होतील तेव्हा पहिला महिनाभर कुणालाही एकटीला रात्रपाळी देऊ नका. प्रत्येक वॉर्डात फोनशेजारी त्या रात्री कुणाला उठवायचं, तिचं नाव आणि नंबर लिहून लावा. आणि तो फोन आला तर सकाळी त्या मुलीकडून खुलासा मागू नका. पुढच्या महिन्याच्या ड्युटी लिस्टवर अजून सह्या झाल्या नसतील, तर एवढे बदल करूनच सही करा.