यंत्राला विचारा, पण ‘काय मोजलं?’ हेही विचारा

आज बोलू आपल्या हिशेबाबद्दल.

‘उमेद’च्या गटांची बचत, कर्ज आणि परतफेड आता वहीसोबत ‘लोकोस’ अॅपवरही चढते. वही आपण हवी तेव्हा चाळतो. पण संगणकातल्या नोंदवहीला, म्हणजे डेटाबेसला, तिच्याच भाषेत विचारावं लागतं. त्या भाषेचं नाव एसक्यूएल. १९७४ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती मांडली. ती येणारं गावात सहसा कोणी नसतं. म्हणून आपलेच आकडे आपल्याला दुसऱ्याकडून मागावे लागतात.

आता भाषा मॉडेल नावाचे संगणक प्रोग्राम आले आहेत. आपण मराठीत विचारायचं, मॉडेल तो प्रश्न एसक्यूएलमध्ये लिहिणार आणि डेटाबेस उत्तर काढणार. सोय चांगली आहे. पण हे मॉडेल म्हणजे परगावाहून आलेली नवी हिशेबनीस समजा. तिला लिहिता-वाचता येतं, पण आपल्या वहीत कोणता रकाना कशाचा, हे तिला ठाऊक नाही. ते शिकवावं लागतं.

शिकवतात कसं? जोड्या करून. एका बाजूला साधा प्रश्न, दुसऱ्या बाजूला त्याचं बरोबर एसक्यूएल. अशा पुष्कळ जोड्या मॉडेलपुढे ठेवतात. ते चुकलं की त्याच्या आतले आकडे थोडे थोडे बदलत जातात. याला फाइन-ट्यूनिंग म्हणतात. २०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ११ विद्यार्थ्यांनी २०० डेटाबेसांवर १०,१८१ प्रश्न तयार केले. त्या संचाचं नाव ‘स्पायडर’. ते प्रश्न इंग्रजीत होते. आपल्या बैठकीतली बोली त्यात कुठून येणार?

आता एक उदाहरण घ्या. रोवणीसाठी दोघींनी दहा-दहा हजार कर्ज घेतलं. हप्ता महिन्याला एक हजार, व्याज बाजूला ठेवू. पहिलीचे सहा हप्ते झाले, सगळे वेळेवर. तिचे चार हजार बाकी आहेत, पण थकलेलं काहीच नाही. दुसरीने पाच भरायचे होते, तीनच भरले. तिचे सात हजार बाकी, त्यातले दोन हजार थकले.

आपण विचारलं, “गटाची थकबाकी किती?” बरोबर उत्तर दोन हजार. पण मॉडेलने ‘थकबाकी’ म्हणजे सगळं उरलेलं कर्ज असं धरलं, तर ते अकरा हजार सांगेल. पडद्यावर कुठलीही चूक दिसणार नाही. बेरीजही बरोबर असेल, पण मोजलं भलतंच. वेळेवर भरणारी बाई थकबाकीदार ठरेल, गटाची परतफेड वाईट दिसेल आणि पुढच्या कर्जाला अडचण येईल.

म्हणून अशी सोय आपल्यापर्यंत आली, तर चार गोष्टी धरून ठेवा.

एक, बैठकीत आपण जसं विचारतो तसेच प्रश्न लिहून द्या. “कोण थकलं?”, “कोणाचा हप्ता मागे पडला?”, “आतलं कर्ज किती, बँकेचं किती?” प्रत्येक शब्दाचा अर्थही सांगा. शिकवणीच्या प्रश्नांत कोणाचं खरं नाव घालू नका.

दोन, उत्तरासोबत काय मोजलं ते मराठीत दाखवायला सांगा. “तारीख उलटूनही न भरलेले हप्ते मोजले”, असं स्पष्ट दिसलं पाहिजे.

तीन, एका गटाचा हिशेब आधी वहीवरून हाताने काढून ताडून पाहा. हप्ता भरला पण नोंद राहिली, तर यंत्र तो भरलाच नाही म्हणेल.

चार, मॉडेलला नोंदी फक्त वाचू द्या. बदलायचा किंवा पुसायचा अधिकार देऊ नका.

बायांनो, एसक्यूएल आपल्याला आलं नाही तरी चालेल. आपल्या गटात थकबाकी कशाला म्हणतात, हे आपल्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. पुढच्या बैठकीत असे दहा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.