संशोधन गावापर्यंत कसे येते

श्रोतेहो, आपल्या गावात कधीतरी माहिती विचारणारी माणसे येऊन गेली असतील. घरात मुले किती, कुणाला काय दुखणे, गेल्या साली कोणी दगावले का? आपण उत्तरे दिली, ती वहीत गेली, वही शहरात गेली. पुढे तिचे काय झाले, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, बरं का.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा शेकडा ९२ जणींना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या होत्या अवघ्या शेकडा ८. हे १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. बाया कशा निवडल्या, तपासले कसे, हे तिथे बारकाईने सांगावे लागते. दुसऱ्या डॉक्टरांना चूक काढता यावी म्हणूनच तो मजकूर रुक्ष असतो, आणि तो तसाच असावा.

पण तोच आकडा पारावर वाचून दाखवला तर? बाया लाजतील, घाबरतील आणि उठून घरी जातील. जिच्या अंगावरून पांढरे जाते, तिला शेकडेवारी काय करायची? हे दुखणे आहे, तिचा दोष नव्हे, आणि औषध अमुक ठिकाणी मिळते, एवढे तिला हवे. तेही बाईच्याच तोंडून.

लहान मुलांच्या न्यूमोनियाचे पाहा. तान्हे बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल आणि त्याचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असेल, तर धोका. त्याहून मोठ्या बाळाला ५०. आता ज्या सुईणीला साठापर्यंत मोजता येत नाही, तिला हे कसे सांगावे? 'सर्च'ने मण्यांची एक पाटी केली. सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्यासाठी पाच हिरवे व एक लाल, मोठ्यासाठी चार हिरवे व एक लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजावा. अख्खा निबंध त्या मण्यांत उतरला! मला तर छापील पानांपेक्षा ह्याचेच नवल वाटते.

सरकारशी बोलायची तऱ्हा आणखी निराळी. ३९ गावांत आरोग्यदूतांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, आणि शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात मृत्यूचे प्रमाण शेकडा ६२ ने उतरले. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००१ साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर अहवाल निघाला, त्याचे नाव 'कोवळी पानगळ'. कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, असे त्यात दाखवले होते. हे नाव वर्तमानपत्रांनी उचलले. मात्र नावाखाली गावोगावचे मोजलेले मृत्यू नसते, तर तो नुसता विलाप ठरला असता.

आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात. गुरुजी, शेकडा ६२ म्हणजे काय, हे मुलांना गणिताच्या तासाला करून दाखवा. आणि मायबहिणींनो, तुमच्या घरी सहावी भेट झाली का, हे आशाताईंना जरूर विचारा.