खर्च कोणाच्या पदरी?



कायदे पाळले तर कारखाने बुडतात, असे आपण नेहमी ऐकतो. मी आज डहाणूचे उदाहरण सांगते. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि सर्व तालुक्यात मिळून कारखान्यांना फक्त ५०० एकर जमीन नेमून दिली. तरी तेथे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिलेच. १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असे त्याने बजावले. ती २००७ साली बसली. वीज काही बंद पडली नाही.

याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारले आणि २०२३ साली अटी घालून संमती दिली. मासेमारी जाईल म्हणून मच्छीमारांनी विरोध केला.

भगिनींनो, धंद्याचा खर्च धंद्यानेच सोसावा, एवढेच हा कायदा म्हणतो. तो चुकवला तर शेजारच्या विहिरीवर, बागेवर, लेकरांच्या छातीवर पडतो. म्हणून जनसुनावणी असेल तेथे आपण अवश्य जावे आणि विचारावे : नफा कोणाचा, आणि खर्च कोणाच्या पदरी?