हाकेला ओ देणाऱ्याचे मोल



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या वस्तूमागे माणसाचे श्रम आहेत, ती आमच्या विषयाबाहेरची नाही. आम्ही कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते मागाशेजारी आणि सार्वजनिक वाचनालयात.

यंत्रमागाला डॉबी जोडली म्हणजे साध्या कापडाच्या काठावर नक्षी उठते. प्लगइन ही संगणकाची डॉबीच होय. संकेतस्थळे उभारण्याची वर्डप्रेस ही प्रणाली २००३ साली निघाली. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिला जोडायची हजारो प्लगइने ठिकठिकाणच्या माणसांनी लिहिली असून त्यांतली पुष्कळशी मोफत आहेत. प्रत्येकाच्या पानावर वापरणाऱ्यांनी दिलेले एक ते पाच तारे दिसतात. शेवटची सुधारणा केव्हा झाली आणि गेल्या दोन महिन्यांतल्या किती अडचणी सुटल्या, हेही दिसते.

असा हिशेब असावा काय? जरूर असावा. माग बंद पडला आणि जॉबर वेळेवर आला नाही, तर पीसवर काम करणाऱ्या विणकराची मजुरी बुडते. तसेच प्लगइन अडले की एखाद्या लहान दुकानदाराची मागणी नोंदवली जात नाही, एखाद्या संस्थेचा अर्ज भरला जात नाही. हाकेला ओ कोण देतो, हे त्यांना आधी कळले पाहिजे.

परंतु काटा सरळ हवा. पहिला प्रश्न : लेखकाने घेतले काय? वर्षाची वर्गणी घेऊन जो महिनोन्‌महिने उत्तर देत नाही, त्याची गय करू नये. जो मोफत देतो, त्याच्या परवान्यात मात्र कसलीही हमी नाही, असे आधीच लिहिलेले असते. या दोघांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. दुसरा प्रश्न : त्याच्याकडे माग किती? दहा मागांचा जॉबर आणि शंभर मागांचा जॉबर यांची तुलना घड्याळ लावून होत नाही. तिसरा प्रश्न : उत्तर म्हणजे काय? “हे मला जमणार नाही, दुसरी वाट पाहा,” हेही प्रामाणिक उत्तरच आहे. शिवाय अडचण सुटूनही कोणी तशी खूण केली नाही, तर आकड्यात ती न सुटलेलीच राहते.

काटा वाकडा असला म्हणजे काय होते, ते ऐका. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारे साधन. प्लगइन नव्हे, पण असंख्य यंत्रांत बसलेला सुटा भाग. ते फिनलंडमधील एक गृहस्थ सांभाळीत असत. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणे लावले, की काम मंद आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. अखेर मदतीस तत्पर दिसणाऱ्या एका व्यक्तीला अधिकार मिळाले, आणि २०२४ साली त्याच हातांनी त्या साधनात चोरदरवाजा बसविला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने मार्चअखेर तो उघडकीस आणला. टुमणे लावणारी नावेही त्याच कटातली असावीत, असा संशय आहे.

मित्रहो, त्या व्यवहारात सर्वांत तत्पर कोण होता? चोर! तत्परतेलाच तारे दिले असते, तर पाचही त्याला मिळाले असते. आणि थकलेल्या माणसाला एक.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : तारे अवश्य द्या, पण त्यांच्याशेजारी दोन ओळी लिहा. काय मागितले, किती दिले, काय उत्तर मिळाले. आणि ज्याच्या मोफत कामावर आपला धंदा चालतो, त्याला वर्षाकाठी काही मोबदला पाठवा. श्रमाचा दाम द्यायचा नाही आणि गैरहजेरी मात्र मांडायची, ही मालकाची जुनी रीत आपण उचलू नये.