साच्यांतील मोकळ्या जागा

मोठ्या रुग्णालयांत वीज जाते तेव्हां शस्त्रक्रियेच्या खोलींतील दिवा मालवत नाहीं. तळघरांत ठेवलेलें यू.पी.एस्. नांवाचें यंत्र आपल्या बॅटऱ्यांचा सांठा त्याच क्षणीं पुढें करतें आणि जनरेटर सुरू होईपर्यंतचीं मिनिटें निभावून नेतें. परंतु हीं मिनिटें किती, तीं संपत आलीं काय, बॅटरीचें तपमान वाढत आहे काय, हें दर वेळीं तळघरांत उतरून पाहणें कोणालाच शक्य नाहीं. व्यवस्थापकानें आपल्या मेजावरून प्रश्न करावा व यंत्रानें जाग्यावरूनच उत्तर द्यावें, अशी जी व्यवस्था संगणकांच्या जाळ्यावर आज चालते, तिचे मूळ नियम ऑगस्ट १९८८ मध्यें जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल व जेम्स डेव्हिन या चौघांनीं प्रसिद्ध केले. तिचें नांव एस्.एन्.एम्.पी. यांतील पहिल्या अक्षराचा अर्थ 'साधा' असा आहे. तो कितपत सार्थ आहे, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

या व्यवस्थेंत दोन पात्रें असतात. एक विचारणारा, तो व्यवस्थापक. दुसरा उत्तर देणारा, तो एजंट. एजंट म्हणजे यंत्रांत किंवा यंत्राला जोडलेल्या संगणकांत सदैव चालू असणारा एक प्रोग्राम. जाळ्यावरील १६१ क्रमांकाच्या दाराशीं तो कान देऊन बसलेला असतो. त्याला येणारा प्रश्न शब्दांत नसून अंकांच्या माळेंत असतो. विचारण्याजोग्या प्रत्येक गोष्टीला एका विस्तीर्ण वृक्षावर स्वतःचा पत्ता दिलेला असतो, उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.३३.१.२.३ या पत्त्यावर, सध्यांच्या भारावर बॅटरी आणखी किती मिनिटें टिकेल, याचा अंदाज सांपडतो. अशा पत्त्यांच्या व त्यांच्या अर्थांच्या कोशाला मिब म्हणतात. यू.पी.एस्.चा मिब मे १९९४ मध्यें इंटरनेटच्या मानक लेखमालेंत १६२८ व्या क्रमांकानें प्रसिद्ध झाला. त्यांतील बॅटरीच्या प्रकरणांत सात कलमें आहेत.

कोश छापला गेला म्हणून एजंट शहाणा होत नाहीं. लिनक्सवर सर्रास आढळणारा एजंट नेट-एस्.एन्.एम्.पी. या मुक्त संचांतील होय. या संचाचें मूळ कार्नेगी मेलन विद्यापीठांत आहे. पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत वेस हार्डेकर यांनीं तो वाढविला आणि २००० सालीं त्याला सध्यांचें नांव मिळालें. संगणकाची स्मृति, जाळ्याचे जोड, चालू असलेले प्रोग्राम यांविषयीं हा एजंट भरभरून बोलतो. बॅटरीविषयीं मात्र त्याला कांहीं शिकवावें लागतें. तें शिकविणें म्हणजे सी भाषेंत नवा भाग लिहून त्याला जोडणें. या लेखनांतील बहुतेक मजकूर ठराविक असतो. पत्ता नोंदवावयाचा, प्रश्न वाचण्याचा आहे कीं बदल करण्याचा तें ओळखावयाचें, मूल्याचा प्रकार तपासावयाचा, चूक झाल्यास योग्य तो नकार पाठवावयाचा. आणि सात कलमांसाठीं हें सारें सात वेळां. सातव्या वेळीं डोळा लागतो, पत्त्यांतील एक अंक इकडचा तिकडे होतो, आणि तपमान विचारणाऱ्याला व्होल्ट मिळतात.

हें कंटाळवाणें लेखन यंत्रानेंच करावें म्हणून या संचाबरोबर मिब-टू-सी नांवाचें एक साधन येतें. तें पर्ल भाषेंत लिहिलेलें आहे. मिबमधील एखाद्या फांदीचें नांव त्याला सांगितलें कीं तें कोश वाचतें, फांदीवरील कलमें गोळा करतें, आणि निवडलेल्या साच्यांत तीं ओतून सी भाषेच्या फाइली तयार करून देतें. कोणता साचा घ्यावा हें सांगितलें नाहीं, तर तें स्वतःच प्रश्न विचारून निवडीला साहाय्य करतें. साचा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून सी भाषेचा अर्धवट मजकूर होय. त्यांत मधूनमधून 'येथें कलमाचें नांव घाल', 'प्रत्येक एकेरी मूल्यासाठीं पुढील ओळी पुन्हा लिही', 'हें कलम बदलतां येणारें असेल तरच हा भाग ठेव' अशा आज्ञा पेरलेल्या असतात. दस्तनोंदणीच्या कचेरीबाहेर अर्जनविसाजवळ मिळणाऱ्या छापील खरेदीखताचा हा सख्खा भाऊ. सारी कायदेशीर भाषा तयार. नांव, गांव, चतुःसीमा एवढ्याच जागा कोऱ्या.

या साधनाचें खरें मर्म त्या कोऱ्या जागांत आहे. जेथें मूल्य आणावयाचें तेथें साचा तीन फुल्या मारून टीप लिहितो कीं, येथें मूल्याची जागा द्या, येथें त्याची बाइटमधील लांबी द्या. दोन्ही ठिकाणीं टिपेव्यतिरिक्त कांहींच नसतें. त्यामुळें तयार झालेली फाइल जशीच्या तशी कंपायलरच्या गळीं उतरत नाहीं. ही उणीव नसून शहाणपणाची योजना आहे असेंच म्हटलें पाहिजे. साच्यानें तेथें शून्य लिहून ठेवलें असतें तर एजंट निमूटपणें चालू झाला असता, आणि 'बॅटरी किती मिनिटें' या प्रश्नाला रात्रंदिवस 'शून्य' हें बिनचूक आकाराचें, पूर्णपणें खोटें उत्तर देत राहिला असता.

आकार आणि अर्थ यांतील हें अंतर साच्याला कधींच ओलांडतां येत नाहीं. बॅटरीच्या दाबाचें कलम पूर्णांक मागतें, एवढें त्याला समजतें व तेवढें तो लिहून ठेवतो. परंतु तो पूर्णांक व्होल्टांत नसून दशांश व्होल्टांत द्यावयाचा आहे. ५४ व्होल्टांसाठीं ५४० सांगावयाचे आहेत. ही अट मिबमध्यें स्पष्ट लिहिलेली आहे. ज्यानें मिब न वाचतां केवळ फुल्या भरल्या, तो ५४ लिहितो. कंपायलर प्रसन्न, एजंट प्रसन्न, आणि व्यवस्थापकाच्या पडद्यावर मात्र ५.४ व्होल्टांची मरणोन्मुख बॅटरी.

वाचनाची गोष्ट एवढ्यावर निभावते. बदल करण्याची तशी नाहीं. त्याच मिबच्या नियंत्रणाच्या प्रकरणांत पांच कलमें आहेत आणि तीं सर्व बदलतां येतात. त्यांपैकीं एकांत, किती सेकंदांनीं पुरवठा बंद करावा, तें लिहितां येतें. शून्य लिहिल्यास तो तत्काळ बंद व्हावयाचा. वजा एक लिहिल्यास चालू असलेली उलटगणती रद्द व्हावयाची. आतां एस्.एन्.एम्.पी.चा दंडक असा कीं, एकाच मागणींत अनेक बदल आले तर ते सर्व जणूं एकाच क्षणीं व्हावेत. एक जरी अडला तरी बाकीचे झालेच नाहींत असें दिसावें. हा दंडक पाळण्यासाठीं साचा बदलाचे टप्पे पाडून देतो. प्रथम मूल्याचा प्रकार तपासावयाचा. नंतर पूर्वस्थिति जपण्यासाठीं जागा राखावयाची. मग प्रत्यक्ष कृति. ती सर्वत्र साधली तर शेवटीं पक्केपणा. तयारींतच कांहीं बिनसलें तर राखलेली जागा मोकळी करावयाची. कृति बिनसली तर केलेलें माघारीं घ्यावयाचें. पक्केपणाच्या व माघारीच्या टप्प्यांतही चूक होण्यासाठीं एक कंस ठेवलेला आहे. मात्र त्याशेजारीं साच्याच्या कर्त्यांनीं कळकळीनें लिहून ठेवलें आहे कीं, येथवर येण्याची पाळी येऊं नये म्हणून आटोकाट प्रयत्न करा.

साच्यांत इतकी विनवणी कां, हें त्या एका कलमावरून समजतें. एकशें वीस सेकंदांनीं पुरवठा बंद करण्याची आज्ञा कृतीच्या टप्प्यांत यंत्राला दिली, आणि त्याच मागणींतील दुसरा बदल अडला, तर माघारीच्या टप्प्यांत वजा एक लिहून उलटगणती थांबवितां येते. पण आज्ञा शून्य सेकंदांची असेल तर? माघारीची पाळी येईपर्यंत विद्युत्-पुरवठा गेलेला असतो, आणि कदाचित् एजंटचा संगणकही त्याच पुरवठ्यावर असतो. म्हणून जाणता प्रोग्रामर कृतीच्या टप्प्यांत केवळ खातरजमा करतो आणि जें परत फिरवितां येत नाहीं तें पक्केपणाच्या टप्प्यापर्यंत लांबवितो. कोणतें कृत्य परत फिरवितां येतें व कोणतें नाहीं, हें साच्याला कोठून कळावें? त्यानें दोघांसाठीं सारख्याच तीन फुल्या मारलेल्या असतात. 'जर' च्या पुढील रिकाम्या कंसांत घाईनें शून्य घातलें कीं कंपायलरची कुरकुर थांबते; तें शून्य म्हणजे 'येथें कधींच चूक होत नाहीं' अशी लेखी ग्वाही आहे, हें घालणाऱ्याच्या ध्यानींमनीं नसतें.

तक्त्यांसाठीं साचे निराळे आहेत, आणि तेथें प्रश्न निवडीचा आहे. त्यांपैकीं एक साचा इतका विस्तृत आहे कीं तो फाइलींचा ढीगच पुढ्यांत ओततो. गंमत अशी कीं, त्याच्या नांवांतील अक्षरांचा अर्थ 'मठ्ठांसाठीं मिब' असा होतो. दुसरा सोपा साचा प्रत्येक प्रश्नाला सर्व ओळी पहिल्यापासून चाळून उत्तर शोधतो. यू.पी.एस्.च्या तीन फेजांच्या तीन ओळींना तो पुरेसा आहे. हजारों ओळींच्या मार्गतक्त्याला तोच लावला तर प्रत्येक ओळीसाठीं हजारों ओळी चाळल्या जातात. हा एजंट एका वेळीं एकच काम करतो. तो चाळण्यांत गुंतला असतां इतर प्रश्न दाराशीं तिष्ठतात. या संचांतील प्रश्न विचारणारीं साधनें एक सेकंद वाट पाहतात, पांच वेळां पुन्हा विचारतात आणि मग उत्तर नाहीं असें कळवितात. यंत्र धडधाकट असूनही व्यवस्थापकाच्या लेखीं तें मेलेलें ठरतें.

मिब कालांतरानें वाढतो. एखाद्या कारखानदाराच्या स्वतःच्या मिबमध्यें नवीं कलमें आलीं म्हणजे साचा पुन्हा चालवावा लागतो, आणि नव्या फाइलींत पूर्वीं कष्टानें भरलेल्या जागा पुन्हा कोऱ्या होतात. यावर तोड म्हणून संचांत एक लहानसें जोडसाधन आहे. साच्यांतून प्रथम निघालेली कोरी प्रत तें जपून ठेवतें, भरलेल्या प्रतीशीं ती ताडून मनुष्याचें लेखन तेवढें वेगळें काढतें, आणि नव्या प्रतींत तें बसवून देतें. जुन्या फुल्यांच्या जागीं हातचा मजकूर परत येतो, नव्या कलमांच्या जागीं नव्या तीन फुल्या उमटतात, आणि त्या भरल्या जाईपर्यंत कंपायलर पुन्हा अडून बसतो.