सहलीतील वानरदर्शन



आपल्या परभणी जिल्ह्यातून वेरूळ-अजिंठ्यास सहली जातात, तेव्हा मुलांचे लक्ष लेण्यांइतकेच तेथील काळतोंड्या वानरांकडे वेधले जाते. या कुतूहलास शिक्षकाने वळण लावावे.

वानराचा मुख्य आहार पाने, फुले व फळे. त्याच्या जठरास अनेक कप्पे असून तेथील सूक्ष्मजंतू पाने आंबवून पचनास साहाय्य करतात. बिस्किटे त्या जठरास मानवत नाहीत. शिवाय आयत्या खाऊस चटावलेला वानर पुढे हिसकावतो, प्रसंगी चावतो. मूल जखमी होते आणि बोल वानरास लागतो.

म्हणून शिदोरी पिशवीत बंद ठेवावी व दूर उभे राहून मुलांनी निरीक्षण करावे: पिलू कोणाच्या पोटाशी आहे? कोण कोणाचे केस निवडतो? धोक्याचा इशारा कोण देतो? परतल्यावर हेच वहीत लिहवून घ्यावे. दंश वा ओरखडा झाल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लागलीच आरोग्य केंद्र गाठावे.

धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावाच्या दप्तरी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ साली वृत्तपत्रांत आले. मुठीतल्या खाऊहून जागेचे दान मोठे, एवढे मुलांना उमगले तरी सहल सार्थकी लागली.